पंगतीतलं भूत

गांगुर्डे नाना टीव्हीतल्या माणसाकडे कधी बघायचेच नाहीत. ते त्याच्या मागे बघायचे.

पडद्यावर एखादी बाई साबण लावून धबधब्याखाली नाचत असायची. आम्ही सगळे सभ्यपणे जरा मान वळवून तिच्याकडेच बघत असायचो. आणि नाना खुर्चीच्या टोकावर सरकून धबधब्याशेजारच्या खडकाकडे बोट दाखवायचे. "मांगे देख. खडकाच्या मागं. हात शे."

नाना मूळचे सटाण्याकडचे. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात कंट्रोल रूमला होते, तिथे साहेबांसमोर ते तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलायचे. पण भूत दिसलं की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची. 'शे' म्हणजे 'आहे', हे आमच्या कॉलनीतल्या शेंबड्या पोरांनाही त्यांच्यामुळे पाठ झालं होतं. 'कोनी तरी शे' हे तर आम्ही दारावरची बेल वाजली तरी म्हणायचो.

बरं, हात खरंच होता. शूटिंगच्या कुठल्यातरी माणसाचा असणार, बाईसाठी टॉवेल घेऊन उभा असेल बिचारा. मी तसं सुचवून पाहिलं. नाना म्हणाले, "टॉवेल दिसतो का तुला? नाही ना? मग नुसत्या हाताचं काय काम तिथं?" त्यानंतर आमच्या लाइनीत रविवारचा सिनेमा सुरू असताना लोक जाहिरातींची वाट बघायला लागले. सिनेमा चालू असताना पाणी प्यायला उठायचे, आणि जाहिराती लागल्या की धावत येऊन बसायचे.

खऱ्या भुतांच्या मालिका मात्र नानांना चालायच्या नाहीत. पांढरी साडी, करकरणारं दार आणि मागे वाजणारं ते भयाण संगीत सुरू झालं, की बायका पदर चावायच्या आणि नाना जांभई द्यायचे. "हे भूत आपल्या सिव्हिल सेक्शनसारखं आहे. यायच्या आधी गाजावाजा फार, आणि आल्यावर करत काही नाही."

त्यांचं भूत साध्यासुध्या जागी राहायचं. त्यांच्याकडे भावगीतांची एक कॅसेट होती. त्यात दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कोणीतरी हळूच खोकलेलं होतं. नानांनी ती टेपसकट कँटीनला आणली. गाणी कोणाला ऐकू दिली नाहीत. नुसता खोकला परत परत लावला. "गाणारी बाई खोकली नाही. आवाज पुरुषाचा शे. वाजवणारे सगळे श्वास धरून बसलेले असतात. मग खोकलं कोण?" चहाचे कप हातात धरून आम्ही पुन्हा कान लावले. शेवटी बॉयलरचे पाटील म्हणाले, "नाना, त्याला कोणी औषध द्या हो." त्यावर सगळ्यात मोठ्यांदा नानाच हसले. त्यांना घाबरायचं नसायचंच. त्यांना सापडायला हवं असायचं.

नाशिकरोडच्या थिएटरवर हाताने रंगवलेलं पोस्टर लागायचं, त्यात एकदा खलनायकाच्या हाताला सहा बोटं निघाली. नाना एकेकाला डबलसीट बसवून ती बोटं दाखवायला न्यायचे. बिस्किटाच्या पुड्यावरचं बाळ मोठं का होत नाही, यावर त्यांचं स्वतंत्र म्हणणं होतं. ते ऐकल्यावर माझी धाकटी बहीण काही दिवस बिस्किटाचा पुडा पालथा ठेवून खायची.

कुसुमकाकू, म्हणजे नानांची बायको, हे सगळं एका वाक्यात आटोपायच्या. "भाजीत मीठ नाही ते ह्यांना कळत नाही, आणि टीव्हीतल्या दगडामागचं दिसतं."

काकू ठेंगण्या, गोऱ्या, आणि कॅमेऱ्याच्या शत्रू. कोणी फोटो काढायला लागलं की त्यांचा पदर तोंडावर जायचा, नाहीतर त्या पाठ फिरवून स्वयंपाकघरात जायच्या. पण कॉलनीत कुठलंही लग्न असो, बारसं असो, काकू पहिल्या पंगतीला हजर. त्यांना जेवायला आवडायचं आणि ते त्या लपवत नसत. माझ्या लग्नात त्या आल्या आणि नंतर दोन-तीन वर्षांत, कसलंसं आजारपण निघून, पावसाळा संपता संपता गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात नाना आणि टीव्ही.

आम्हाला वाटलं, आता भुतं बंद. तर झालं उलटंच. नाना कॉलनीत लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी मागत फिरायला लागले.

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना वेगळं सांगायला नको. नवरदेव कमळातून उगवायचा. नवरीचं तोंड बदामात गरगर फिरत हिमालयावरून जायचं. सासऱ्याच्या पोटातून आरपार सनईवाले दिसायचे. नाना म्हणायचे, "ह्याला भूत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? तुमच्या लग्नात किती निघतात ते मोजून देतो." लोक हसायचे आणि कॅसेट द्यायचे. एकटा माणूस आहे, रमतो बिचारा.

आमच्या कॅसेटीत मात्र त्यांना जबरदस्त भूत सापडलं. ती त्यांनी घरी नेली नाही. त्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता; लोकांच्या कॅसेटीही ते आमच्याकडेच आणून बघायचे. दर रविवारी दुपारची झोप झाली, की चिवड्याचा पुडा घेऊन नाना हजर. "लाव रे. तुझं भूत बघू."

मंगलाष्टकं ते पळवायचे. सप्तपदी पळवायचे. माझी बायको सुनंदा कुरकुरायची, "नाना, मी अजून आलेसुद्धा नाही मांडवात." पंगत आली की ते रिमोट खाली ठेवायचे. त्या प्रखर दिव्यात पानावर वाकलेली माणसं एकेक करून वर बघायची, घास तोंडात तसाच, डोळे विस्फारलेले. मग नाना पुटपुटायचे, "शे." आणि कॅसेट मागे घ्यायचे. पुन्हा पंगत. पुन्हा "शे."

"कुठे हो?" सुनंदा विचारायची. "मला तर माझे मामाच दिसतात. जिलबीला दुसऱ्यांदा हो म्हणतायत."

"आहे. तू मामा बघ."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. मी फार बोलणारा माणूस नाही. लग्नाला होकार दिला तोसुद्धा मान हलवून. गप्प राहिलं की कोणाचं काही बिघडत नाही, असं मी बराच काळ धरून चाललो होतो.

भूत मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. मामांच्या पलीकडे, खांबाच्या आडोशाला, कुसुमकाकू बसल्या होत्या. वाढपी जिलबी घेऊन आला, काकूंनी पानावर आडवा हात धरला, आणि त्याने हाताच्या बोटांमधूनच जिलबी टाकली. काकू हसल्या. तोंडभर, पदर न घेता. तेवढ्यात दिव्याचा झोत त्यांच्यावर आला आणि त्यांना कळलंच नाही. बस, एवढंच. मग कॅमेरा भटजींकडे जायचा.

मला दिसलं, आणि मी बोललो नाही. नाना भूत भूत म्हणत होते, म्हणजे त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं. मग मी कसं म्हणणार? त्या कॅसेटची एक कॉपी काढून त्यांना द्यावी, हे मला सुचलं नाही असं मी स्वतःलाच सांगत आलो. सुचलं होतं. पण कॉपी हातात ठेवायची म्हणजे, मला माहीत आहे, हे कबूल करणं आलं. त्यापेक्षा मी चिवडा खात राहिलो. दर रविवारी एक माणूस आपल्या बायकोकडे बघतोय, आणि त्याच्याकडे न बघता आपण शेंगदाणे वेचतोय. एक वर्ष नाही, कितीतरी वर्षं. शेवटी शेवटी मला ते सोसेना. 

पुढे सीडी आल्या. आमचा व्हीसीआर फिती खायला लागला, तेव्हा मी कॅसेट नाशिकरोडच्या एका स्टुडिओत दिली. स्टुडिओवाला म्हणाला, "एवढं सगळं बसणार नाही काका. काय कापू?"

मी म्हणालो, "पंगत."

विचार न करता म्हणालो, असं लिहायला बरं वाटलं असतं. विचार करून म्हणालो. मला रविवार मोकळा हवा होता, आणि 'नाना, नका येऊ' हे म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. ते काम मी कात्रीला सांगितलं.

त्या रविवारी नाना आले. मी नवी सीडी लावली. ह्या वेळी पळवायचं बटण त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी सगळं लग्न पाहिलं. सप्तपदी झाली. सुनमुख झालं. मग एकदम पाठवणी, रडारड, आणि आम्ही दोघं कमळात परत मिटून गेलो. खाली झळकलं, शुभं भवतु.

"पंगत?" नानांनी विचारलं.

"कापली," मी म्हणालो. "लोकांना जेवताना कोण बघतं."

"अहो, माझे मामा कापलेत तुम्ही," सुनंदा शेजारून ओरडली.

नानांनी चिवड्याच्या पुड्याला नीट घड्या घातल्या. "सीडीत भुतं उतरत नसतील," म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या रविवारी त्याच वेळेला बेल वाजली. चिवडा घेऊन नाना. "जाहिराती बघू," म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही. आता ते पूर्वीसारखे खुर्चीच्या टोकावर बसत नसत. मागे टेकून बसत. कधी कोणाच्या मागे बोट दाखवत नसत. मीच एकदा वृत्तनिवेदिकेच्या मागचं घड्याळ बंद आहे असं दाखवलं. "असेल," म्हणाले.

ते 'असेल' मला झेपलं नाही. मी स्टुडिओत गेलो. जुनी कॅसेट आहे का, म्हटलं. तो हसला. "त्या कुठल्या ठेवतो काका. माडसांगवीकडचे एक माळी येतात, पोतं भरून नेतात. द्राक्षाच्या बागेवर फिती बांधतात, पाखरांसाठी."

पुढच्या रविवारी नानांनी बेल वाजवायच्या आधीच मी खाली स्कूटर काढून उभा होतो. "बसा," म्हटलं. ते काही न विचारता बसले. चिवड्याचा पुडा आमच्या दोघांच्या मध्ये. पॉवर स्टेशनच्या चिमण्या मागे पडल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले, तेव्हा मी समोर बघत बोललो. स्कूटरवर एक सोय असते, तोंड दाखवावं लागत नाही.

"नाना, पंगत मी सांगून कापायला लावली. काकू त्यात आहेत हे माहीत होतं मला. पहिल्यापासून."

नानांनी चिवड्याचा पुडा मांडीवर घेतला. मग ते म्हणाले, "माहीत शे."

"कसं?"

"सीडी चालू होती तेव्हा सुनंदा टीव्हीकडं बघत होती. मी तुझ्याकडं बघत होतो. तू घाम पुसत होतास."

"मग तरी येत राहिलात?"

"रविवारचं दुसरं कुठं जाऊ?"

बाग सापडली. माळी भला माणूस, भिकाभाऊ म्हणून. आम्ही कशाला आलो हे मला धड सांगता येईना. "फिती बघायच्यात," एवढंच म्हणालो. त्याने आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "फिती? बघा की. लय हायेत."

मांडवाच्या वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या चकचकीत फिती ताणलेल्या होत्या. ऊन लागलं की लकाकायच्या. वारा सुटला, आणि सगळी बाग एका सुरात घुमायला लागली. खाली बारीक, वर जाड, मध्येच थरथरत. दूर कोणीतरी बरीच माणसं एकदम बोलत असल्यासारखा आवाज.

"पाखरू बसत नाय बघा," भिकाभाऊ म्हणाला. "त्यांना वाटतं, आत कोन हाय."

नाना मांडवाखाली गेले. हात वर करून त्यांनी एक फीत दोन बोटांत हलकीच धरली, आणि कान त्या हाताशी नेला. मी लांब उभा राहिलो.

"आमची कोणती ते कळणार नाही हो, नाना," मी म्हणालो. "कोणाकोणाच्या आहेत."

"असू दे. सगळ्यांकडं जेवायला गेलेली आहे ती." मग ते खुर्चीच्या टोकावर बसल्यासारखे पुढे झुकले. "शे," म्हणाले. "कोनी तरी शे."

मी जवळ जाऊन शेजारची फीत धरली. बोटांत मुंग्या आल्यासारखं झालं. दोघं तसेच उभे राहिलो. भिकाभाऊने एका टोपलीत द्राक्षं आणून ठेवली आणि आमच्याकडे बघत थोडा मागे सरकला.

मग वारा पडला. फिती ढिल्या झाल्या, बाग गप्प झाली. मी किल्ली काढून नानांच्या दंडाला हात लावला. "निघायचं?"

नानांनी फीत सोडली नाही.

"थांब," म्हणाले. "जाहिराती लागल्यात."