भूपालअण्णांचे लाल दोरे

आमच्या शेजारच्या भूपालअण्णांच्या नातीच्या टॅबला अकरा लाल दोरे बांधलेले आहेत. नवीन माणूस विचारतो, नवस आहे का? नवस कसला, ते अकरा दोष आहेत.

अण्णा माधवनगरच्या एका गिरणीत आयुष्यभर कापड तपासायला होते. उतरत्या टेबलावरून कापड ओढायचं, उजेडात धरायचं आणि कुठे तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. डाग झाकायचा नाही, कापडही फाडायचं नाही. रफूवाल्याने दोष काढला की मग दोरा सोडायचा. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण अण्णांच्या खिशातलं लाल दोऱ्याचं रीळ काही बंद झालं नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या पडद्याला तीन दोरे आहेत. भाजीवाल्याच्या वांग्यापासून लग्नातल्या अहेराच्या साडीपर्यंत त्यांचा एकच हुकूम असतो, "उजेडात धर बघू."

असा माणूस टॅबच्या वाटेला गेला याला शाळा जबाबदार आहे. नात सन्मती सहावीत. तिचे आईवडील दोघं सकाळीच कुपवाडला कारखान्यात जातात, त्यामुळे पालकांच्या बैठकीला अण्णा गेले, टोपी घालून. तिथे बाईंनी सांगितलं की हल्ली मुलं मोबाइलवर एकमेकांना छळतात, नावं ठेवतात, नको नको ते लिहितात, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवा. अण्णांनी त्यातलं एवढंच धरलं की तपासणीचं काम निघालं आहे. घरी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

दुसऱ्या दिवसापासून साडेचारला घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडला जाऊ लागला, एका बाजूला वीट लावून उतरता केलेला. त्यावर टॅब, आणि अण्णांच्या हातात धागे मोजायचं गिरणीतलं भिंग. वर्गाच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक निरोप ते भिंगातून वाचत. दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून त्याच्याही आत तपासणी बंद. मी कचेरीत कॉम्प्युटरवर बसते, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला सल्लागार नेमलं होतं. पगार नाही, सुट्टी नाही.

पहिला दोरा एका हसऱ्या तोंडापायी पडला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं ते पिवळं तोंड असतं ना, ते एका पोराने ओळीने नऊ वेळा पाठवलं होतं. अण्णांनी त्याच्या आईला फोन लावला आणि सांगितलं की तुमचं पोरगं सकाळपासून रडतंय, जरा बघा. ती बिचारी बाजारातून पिशव्या टाकून घरी धावली. पोरगं टीव्हीपुढे लोळत पडलेलं. मी अण्णांना समजावलं की ते रडणं नाही, हसणं आहे. अण्णांनी ते तोंड पुन्हा भिंगाखाली धरलं. मग म्हणाले, "हसायला एवढं पाणी लागतं व्हय?"

पुढे त्यांनी ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला, की बाळांनो मी सन्मतीचा आजोबा, सगळी नीट वागा आणि वेळेवर जेवा. सन्मती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला तिचीच दया आली, खरं सांगते. अकरा वर्षांच्या पोरीला एवढा पहारा म्हणजे फार झालं. पण अण्णांचा जीव तिच्यात अडकलेला. तिला कोणी वाकडं बोललं तर आपल्याला कळायला पाहिजे, एवढीच त्यांची धडपड.

अण्णांचं आणखी एक खूळ होतं, ते मात्र मला कधी उमगलं नव्हतं. पक्के जैन, सकाळी बस्तीत देवदर्शन करून आल्याशिवाय तोंडात पाणी नाही. पण दरवर्षी म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला जायचे. तिथे नारळ नाही, प्रसाद नाही. दिवसभर एसटी स्टँडाजवळ उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आमचे हे म्हणायचे, आता माणसं तपासायला घेतली वाटतं.

भाद्रपदात त्यांचं दशलक्षण पर्व चालू होतं. एका दुपारी अण्णा टॅब टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले. पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "वैनी, एवढं ऐका."

कोणीतरी एका मुलीची नक्कल केलेली होती. "म्या न्हाई घेतलं बाई, माजं दप्तर हितंच हाय," असं नाकातून, ओढून ओढून. खाली त्या पिवळ्या तोंडांची रांगच्या रांग. नक्कल होती काजलची. ही मुलगी जूनमध्ये म्हसवडकडून आलेली. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता बाप इथे टेम्पो चालवतो आणि आई पोरीच्या शिक्षणासाठी भाड्याच्या खोलीत राहते. त्या निरोपाखाली एकाने लिहिलं होतं की काजल चार दिवस आली नाही, शाळा सोडून गावी जाणार आहे.

आवाज मी ओळखला. अण्णांनी तर ओळखलाच होता. आवाज सन्मतीचा होता.

मी पटकन म्हणाले, पुसून टाकू, पोरीला दोन शब्द सुनावा आणि विषय संपवा. अण्णांनी टॅबवर हात ठेवला. "पुसायचं न्हाई, वैनी. तिला कोण काय बोलतंय तेवढंच मी बघत बसलो. ती काय बोलतीया ते बघितलंच न्हाई. कापड उलटं करून बघायचं असतं, एवढं शिकाऊ पोराला बी कळतं." मग हळूच म्हणाले, "आन मी तरी काय येगळं बोलतो? मला बी हसत आसंल ती."

गिरणीत म्हणे तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला दोष परत आला, तर दोरा त्याच्याच टेबलाला बांधायचे. अण्णांनी रीळ काढलं, दोरा तोडला आणि स्वतःच्या चष्म्याच्या दांडीला बांधला. एरवी मी हसले असते.

पर्व संपलं की क्षमावणी येते. एकमेकांच्या घरी जाऊन हात जोडायचे, उत्तम क्षमा म्हणायचं आणि वर्षभराचं मिटवायचं. अण्णा दरवर्षी अख्खी गल्ली करतात. शेपटीवर पाय पडला म्हणून एकदा माझ्या मांजरीचीही क्षमा मागून झाली आहे. या वर्षी मात्र ते गल्लीत फिरले नाहीत. सन्मतीचा हात धरून थेट काजलच्या खोलीकडे निघाले आणि मलाही चला म्हणाले. पोरगी वाटभर मुसमुसत होती.

काजलच्या आईने दार उघडलं. काजल तिच्या मागे उभी. मला वाटलं, आता अण्णा नातीला पुढे ढकलतील. तर हा सत्तरीचा माणूस स्वतःच त्या पोरीपुढे हात जोडून उभा राहिला आणि गिरणीतली गोष्ट सांगायला लागला.

त्यांच्या खात्यात माणदेशातला, म्हसवडच्या बाजूचा एक माणूस यंत्रमागावर कामाला लागला होता. उघड्या माळावर वाढलेला, त्यामुळे बोलायचा मोठ्याने, आणि धागा तुटला की मागालाच मेंढरासारखं "हुर्र" करायचा. अण्णा चहाच्या सुट्टीत त्याची नक्कल करायचे. अख्खं खातं पोट धरून हसायचं. रोज. एक दिवस त्या माणसाने डबा उचलला, न बोलता फाटकाबाहेर गेला आणि परत आला नाही. त्याच्या घरी बायको-पोरं होती असं नंतर कळलं.

"दरसाली समद्यांची क्षमा मागतो," अण्णा म्हणाले. "ज्याची मागायची तो घावत न्हाई. रथाला जातो, बघतो कुटं दिसतो का."

तेव्हा मला म्हसवडचा एसटी स्टँड कळला.

काजलची आई ऐकत होती. ती म्हणाली, "आवं आजोबा, नाव सांगा की त्येंचं. आमच्याकडचंच मानूस हाय तर मी इचारते गावाकडं."

अण्णा चष्मा काढून पुसायला लागले. "आमी हुर्र्या म्हनत हुतो त्याला," ते म्हणाले.

"ते चिडवायचं झालं. खरं नाव?"

"त्ये कुनी इचारलंच न्हाई."

मी भिंतीकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस त्या जत्रेत हाक न मारता उभा राहत होता. हाक मारायची तर त्यांच्याकडे एकच नाव होतं, त्यांनीच ठेवलेलं.

सन्मती आजोबांचा हात सोडून पुढे झाली. "काजल, ती नक्कल मी केली होती."

"म्हाईत हाय," काजल म्हणाली. "आवाज वळखला व्हता म्या."

सन्मतीने हात जोडले आणि उत्तम क्षमा म्हणाली. त्यावर काय म्हणायचं असतं ते काजलला ठाऊक नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आईने चहा टाकला. दिवस मावळायला थोडाच वेळ राहिला होता, म्हणून अण्णांनी चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि जीभ भाजून घेतली. काजलला हसू आलं. मग सन्मतीलाही आलं.

त्या संध्याकाळी सन्मतीने ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं की नक्कल माझी होती, मी चुकले आणि काजलची माफी मागून आले आहे. या वेळी पिवळी तोंडं आली नाहीत. सोमवारी काजल शाळेत गेली. आता दोघी अण्णांच्या सोप्यात त्या उतरत्या पाटाशी बसून अभ्यास करतात, आणि अण्णा शेजारी बसून दोघींच्या वह्या उजेडात धरतात.

परवा मी बघितलं तर चष्म्याच्या दांडीला दोरा तसाच होता. म्हटलं, अण्णा, पोरगी शाळेत जायला लागली की, आता तरी सोडा तो.

अण्णांनी दांडी चाचपून पाहिली.

"काजलचा कवाच सोडला, वैनी," ते म्हणाले. "ह्यो दुसरा हाय."