अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची मुकी पेटी

"पेटीतलं मला कुणी शिकवायचं न्हाय!" असं वडगावचा परशराम आप्पा वर्षातनं चारदा तरी छाती ठोकून सांगायचा. आणि सांगायला त्याचं काही जात नव्हतं, कारण त्याच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ल्याला बारा वर्षं झाली होती. न वाजणाऱ्या पेटीवर कुणीही उस्ताद!

यंदा मात्र भलतंच झालं. परशराम साठीला टेकला, घरातले दोन्ही यंत्रमाग बंद केले, तेव्हा उद्यमबागेत कारखान्यात असलेल्या त्याच्या मुलानं, मंथननं विचारलं, "आप्पा, आता निवांत हाईसा. काय पायजे तुमास्नी?"

"पेटी," परशराम म्हणाला.

मंथन हौशी गडी. त्यानं मोबाइलवर बघून थेट स्टेजवरचा कीबोर्ड मागवला. खोकं एवढं लांब, की समोरच्या गुणाबाईला वाटलं, फ्रीज आडवा करून आणलाय. आत काळीकुळकुळीत, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची पेटी! परशरामनं अंघोळ केली, ऊदबत्ती ओवाळली, आणि पांढऱ्या पट्टीवर बोट टेकलं.

खट.

परत टेकलं. खट.

"मंथन, ही मुकी हाय रं!"

मंथननं सोबतचं पुस्तक उलटंपालटं केलं. "आप्पा, ह्याला स्पीकरच नसतोय. स्टेजवर मोठं स्पीकर असत्यात, त्याला जोडायचं म्हणं."

"म्हंजे गडी इथं आणि तोंड स्टेजवर?"

मग मंथननं आपला हेडफोन आणून पेटीला जोडला आणि आप्पांच्या कानांवर चढवला. परशरामनं तिसऱ्यांदा बोट टेकलं, आणि तसाच बसला. बोट उचलेचना!

कारण वडगावात राहून त्याच्या कानांना असा सूर कधी भेटलाच नव्हता. उजवीकडं यंत्रमाग, डावीकडं यंत्रमाग, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत खडाखड खडाखड. आणि आता त्या खडखडाटाच्या आत, विहिरीच्या तळाला कुणीतरी हाक मारावी तसा एक लांब, गोल सूर. त्या सुरानं त्याला एकदम चाळीस वर्षं मागं नेऊन ठेवलं.

तेव्हा घरात हातमाग होता. नवीनच लग्न झालेलं. परशराम मागावर, आणि त्याची बायको बायाक्का शेजारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली. ती गुंजी गावची. सूत नेणारा धोटा इकडून तिकडं जायला लागला, की त्या ठेक्यावर तिनं स्वतःच रचलेलं एक गाणं म्हणायची:

"जा रं धोट्या पल्याड, ये रं धोट्या अल्याड,
माझं माहेर राहिलं सात डोंगरांच्या पल्याड."

गुंजीला आगगाडीचं स्टेशन होतं, सात सोडा, एकही डोंगर आडवा नव्हता. पण तो आवाज ऐकला की परशरामला डोंगर दिसायचे. मग यंत्रमाग आले. पहिले तीन-चार दिवस बायाक्काचे ओठ हललेले त्यानं बघितले, ऐकू काही आलं नाही. पुढं ओठही हलायचे थांबले. तिला कुणी गप्प बस म्हणालं नव्हतं. मग तीस वर्षं दोघांनी संसार केला तो हातवाऱ्यांवर. दोन बोटं म्हणजे चहा, मूठ म्हणजे जेवण, कपाळावर हात म्हणजे पाहुणे आलेत.

"अगं, हे कानाला लाव की!" परशराम ओरडला.

बायाक्कानं दोन बोटं दाखवली. त्यानं मान हलवली. हेडफोन काही तिनं लावला नाही. "कान झाकून बसले आणि भाजीवाला गेला म्हंजे?"

परशराम रोज कान झाकून बसायला लागला. बोटांना सवय झाल्यावर त्यानं एकच गाणं धरलं. धोट्याचं! तिला मात्र पत्ता लागू दिला नाही. तिला ते आठवत तरी असेल का, हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. ती म्हणाली असती, "कुठलं वो गाणं?" तर?

आता एवढी मोठी वस्तू घरात आली म्हटल्यावर जाणकारांना दाखवायलाच हवी. रविवारी त्यानं तिघांना बोलावलं. निपाणीहून भुजबली अण्णा आला. हा जुना दोस्त, जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, पूजेला हार्मोनियम वाजवणारा. वरातीच्या गाडीवर कीबोर्ड वाजवणारा रवळू आला. आणि मंथनच्या ओळखीच्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या स्वरूपा बाई आल्या. जाणकार तीन, हेडफोन एक!

आधी बाई बसल्या. त्यांचा चेहरा उजळला. "खालचे सूर जड, वरचे हलके! अगदी खऱ्या पियानोसारखा हात लागतो हो!"

"जड? ओल्या वाकळा धोपटल्यागत हाय!" रवळूनं हेडफोन ओढून घेतला. "हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात! ही काय पेटी हाय का सासू? हिच्यावर वरात नाचायची न्हाय, आप्पा. पावणं झोपतील!"

मग भुजबली अण्णा बसला. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा हात सवयीनं मागं हवेत भाता मारतोय! बराच वेळ मारून त्याच्या ध्यानात आलं की तिथं भाताच नाही. त्याचं तोंड उतरलं. आता, ज्याच्या कानावर हेडफोन असतो त्याला वाटतं की जग बहिरं झालंय. त्यात शेजारचे माग चालू. अण्णा बेंबीच्या देठापासून ओरडला, "परशाऽऽ! जीव न्हाय रं जीव! श्वासच न्हाय! सगळं थंड पडलंय!"

समोरच्या ओट्यावर गुणाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप टाकलं. "अगं बाईऽऽ! परशाप्पा गेला!"

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. गुणाबाई हंबरडा फोडत धावली, तिच्यामागं चार बायका. उजवीकडचे माग बंद झाले, मग डावीकडचे, मग गल्लीच्या टोकापर्यंतचे सगळे! कामगार हात पुसत आले. कुणीतरी बांबू कुठं मिळतील याची चौकशीही करून आला. गुणाबाईनं बायाक्काच्या गळ्यात पडून, "आता कसं व्हायचं गं तुझं!" म्हटलं, तर बायाक्काच्या हातात चहाचा ट्रे. चार कप गेले.

आणि मयत दारात उभं! "काय झालं? कोण गेलं?" म्हणून विचारतंय!

गुणाबाईनं त्याला नखशिखांत बघितलं आणि भडकली. "जित्ता हाईस तर आधी सांगायचं न्हाय व्हय रं?"

हसून हसून गल्ली लोळली. तेवढ्यात देवस्थानाचा कारभारी राजकुमार म्हणाला, "आप्पा, माग बंद पाडलासा, कामाचा खोळंबा केलासा. आता भरपाई पायजे. मारुतीच्या वर्धापनदिनाला ही पेटी स्टेजवर वाजवायची!"

"वाजवतो की!" परशराम म्हणाला. "बघतच ऱ्हावा, गल्ली गप्प करतो!"

बोलता बोलता त्याचं लक्ष गेलं. अख्ख्या गल्लीत एकही माग चालू नव्हता. भर दुपारी अशी शांतता त्यानं कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. बायाक्का खाली बसून कपाचे तुकडे गोळा करत होती, आणि त्या तुकड्यांचा किणकिणाटसुद्धा ऐकू येत होता. आत्ता ही काही गुणगुणली तर, असं त्याच्या मनात आलं. तोवर कामगार माघारी गेले. खडाखड खडाखड.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी देवळापुढं मांडव पडला. पुढच्या सतरंजीवर बायका, मागं खुर्च्यांवर पुरुष. माग बंद. पेटी स्पीकरला जोडायचं काम रवळूनं अंगावर घेतलं. "माझं आयुष्य वायरीत गेलंय!" पेटीच्या मागं आवाज आत घ्यायची दोन भोकं आणि बाहेर सोडायची दोन भोकं. रवळूनं आयुष्यभराच्या अनुभवानं वायर आत घ्यायच्या भोकात खोचली. परशरामनं हेडफोन चढवला. त्याच्याशिवाय त्याला आता पट्टी उमगतच नव्हती. एक सूर वाजवून बघितला. झकास! त्यानं मारुतीला हात जोडले, डोळे मिटले, आणि धोट्याचं गाणं सुरू केलं.

त्याच्या कानात सगळं भरून आलं. मांडवात ऐकू आलं, खट खट खटाक. खट खट खटाक.

लोकांना आधी वाटलं, तयारी चाललीय. मग वाटलं, तालाचाच काही प्रकार असेल. पण गडी डोळे मिटून डुलतोय, मान उडवतोय, मधेच स्वतःवरच खूष होऊन "वा!" म्हणतोय, आणि आवाजाचा पत्ता नाही! मागून एक खोकला आला, मग एक खिदळणं, मग सगळ्या खुर्च्या हलायला लागल्या. रवळू टेबलाखाली शिरला आणि वायरीत असा गुंतला की त्याचे पायच तेवढे बाहेर. भुजबली अण्णा समोर जाऊन दोन्ही हात हलवायला लागला. परशरामनं डोळे किलकिले केले, दोस्त दाद देतोय असं समजून मान झुकवली, आणि परत मिटले! आता तर लोक मांड्या थोपटायला लागले.

बायाक्का पहिल्या ओळीत बसली होती. तिची कानशिलं तापली. नवऱ्याची अशी शोभा! तिला उठून जावंसं वाटलं. पण जायचं म्हणून हात टेकला आणि ती तशीच थांबली. खट खट खटाक. धोटा जातोय, फणी बसतेय. ह्या ठेक्यावर तिनं तरुणपणाची सगळी वर्षं काढली होती. तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं. बोटं वर चढली, थांबली, हळूच खाली आली. कुठल्या शब्दावर ती थांबली, ते तिला कळलं.

तिनं पदर ओढून तोंडापुढं धरला आणि गायला लागली.

"जा रं धोट्या पल्याड..."

पहिला शब्द फाटका निघाला. दुसरा लागला. तिसऱ्याला हसणारे गप्प झाले. तीस वर्षं बंद पडलेला आवाज, जरा खरबरीत, पण सुराला पक्का. परशरामची बोटं जशी जातील तसा मागून चालला होता. ती "सात डोंगरांच्या पल्याड" वर आली, तेव्हा भुजबली अण्णाचे वर केलेले हात तसेच राहिले. गुणाबाई डोळ्यांना पदर लावून बसली. यावेळी मयत नसताना. रवळूनं टेबलाखाली वायर सोडून दिली. दोघांनी गाणं एकाच ठिकाणी संपवलं. एकानं पेटीवर, एकीनं सतरंजीवर.

परशरामनं डोळे उघडले, हेडफोन काढला, तर टाळ्यांचा कडकडाट! अर्धा मांडव डोळे पुसतोय! त्याचाही ऊर भरून आला. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "मंडळी, सगळं कसब माझं न्हाय. वस्तूच तशी हाय."

मांडव चिडीचूप झाला.

राजकुमार जवळ आला. "आप्पा, काय गळा वो!"

"हाय की! गळा हाय खरा तिला," परशराम पेटीवर हात फिरवत म्हणाला. "मंथननं बसल्या जागी मागीवली."

बायाक्कानं कपाळावर हात मारला. परशरामला वाटलं, पाहुणे आले.

शेवटी भुजबली अण्णानं त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. परशराम ऐकत राहिला. मग खाली बसला. "ती गायली? मी इथं असताना?"

"व्हय रं."

"धोट्याचं?"

"सगळं."

"मग मला हाक मारायची न्हाय व्हय, अण्णा?"

"हात हलवून खांदं गळालं माझं!"

 परशराम ज्याला त्याला विचारत सुटला, कसा होता आवाज? स्वरूपा बाई म्हणाल्या, "गोड, आणि ठाय लयीतला, अगदी संथ." रवळू म्हणाला, "मोठा हाय, माइक लागायचा न्हाय." भुजबली म्हणाला, "परशा, त्याला श्वास हुता बघ." तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या, त्याच्या कानाला काही लागलं नाही.

मोबाइलवर चित्रण मात्र झालं होतं. सून आरोहीनं अगदी पुढं जाऊन घेतलं होतं. परशरामनं ते लगेच लावलं. त्यात बायाक्काचा पदर दिसत होता, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आरोहीचा आनंदानं चिरकलेला आवाज ऐकू येत होता: "अगंबाई, आत्ती गाय लागल्यात! बघा की, आत्ती गाय लागल्यात! खरंच गाय लागल्यात!" तिनं दम घ्यायला एकदाच तोंड मिटलं होतं. तेवढ्या फटीत "...ल्याड" एवढंच आलं. पल्याड की अल्याड, तेही कळत नव्हतं. परशरामनं ते अकरा वेळा ऐकलं.

"परत एकदा म्हण की गं," घरी आल्यावर तो म्हणाला.

"लाज राखायला म्हटलं. आता कशाला?" म्हणून बायाक्का भाकरीचं पीठ काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी मंथननं एक लहानसा स्पीकर आणला आणि वायर बरोबर भोकात घालून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच परशराम पेटीपुढं बसला. माग सुरू व्हायला अजून दोन तास होते. कान उघडे होते. आत चुलीपुढं बायाक्काची बांगडी वाजत होती.

त्यानं धोट्याच्या गाण्याची सुरावट वाजवली, अगदी सावकाश, आणि जिथं शब्द सुरू होतात तिथं हात उचलून थांबला.

काही नाही.

त्यानं पुन्हा वाजवली. पुन्हा थांबला, जरा जास्त वेळ. बांगडी वाजायची थांबली होती. त्यानं तिसऱ्यांदा वाजवली. हात उचलला. मान स्वयंपाकघराकडं वळवली.

आतून आवाज आला, स्वच्छ, एकेक अक्षर ऐकू येईल असा:

"अवो, फुडचं येत नसंल तर ऱ्हाऊ दे की! तेवढंच किती येळा वाजिवतासा?"