दुधी काचेमागची मावशी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-खिडकीला सौंदर्य नाही, ही बाब साहेबांच्या निदर्शनास आली. खिडकी म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची. लोक जिच्यासमोर ताटकळतात, त्या खिडकीच्या सौंदर्याचा प्रश्न अद्याप विचाराधीन आहे.

"डावीकडची ही पट्टी बघा," साहेब प्रोग्रामरला म्हणाले. "नुसती करडी! हल्ली कशी दुधी काचेसारखी असते. मागचं दिसतं, पण कळत काही नाही. आपल्याला अगदी तसंच पाहिजे."

प्रोग्रामरनं चहा निवायच्या आत पट्टी धूसर, अर्धपारदर्शक करून दिली. मागं तक्रारींची यादी होती. तक्रार जितकी जुनी तितकी लाल, असा नियम. पट्टीवर असा काही गुलाबी उजेड पसरला की अख्खं कार्यालय खुर्च्या सोडून बघायला आलं. एरवी आग लागली तरी कुणी उठत नाही.

पण एका नव्या कारकुनाला हुरूप आला आणि त्यानं भराभर तक्रारी मिटवल्या. यादी पांढरी झाली, तशी पट्टीही पांढरीफटक पडली.

"पट्टीला काय झालं?" साहेब ओरडले.

"साहेब, मागं रंग असला तरच ती झळकणार. आता लाल तक्रार एकच उरलीय."

"मग तीच ताणून पट्टीभर पसरा! उद्या मोठे साहेब येतायत."

तातडीनं परिपत्रक निघालं: 'सदर तक्रार सौंदर्यवर्धनार्थ राखीव असून तिचे निवारण करण्यात येऊ नये.' कारकुनाला समज देण्यात आली.

तक्रार होती प्रोग्रामरच्या मावशीची. तिचा फोन आला.

"अरे मेल्या, तू त्याच ऑफिसात बसतोस ना? तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवून माझे गुडघे गेले!"

प्रोग्रामरनं साहेबांना गळ घातली. "सख्खी मावशी आहे हो माझी. तेवढा नळ चालू करून देऊ. पट्टीमागं गुलाबाचं चित्र लावतो, कुणाला कळणारही नाही."

"नागरिकांची फसवणूक? माझ्या कार्यालयात?" साहेब दुखावले. "छे! इथं लाल दिसेल ते खरंच लाल असलं पाहिजे."

प्रोग्रामरनं आपल्या प्रोग्राममधली एक ओळ खोडली असती तर पट्टी पुन्हा करडी झाली असती आणि मावशीची तक्रार राखून ठेवायचं कारणच उरलं नसतं. पण त्याच पट्टीवर त्याची बढती ठरत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तो बढतीची वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मावशीच कार्यालयात येऊन धडकली. मोठे साहेब पडद्यासमोर हरखून उभे होते.

"वा! काय रंग आहे! कुठून आणलात?"

"माझ्या कोरड्या नळातून!" मावशी कडाडली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पट्टीचं प्रेरणास्थान म्हणून मावशीला पुष्पगुच्छ देण्यात आला.

"आणि ही फुलं ठेवू कशात?" तिनं विचारलं. तिचा प्रश्न पुढील कार्यवाहीसाठी नोंदवून घेतला.

आता ती पट्टी सगळ्या कार्यालयांत लागू झाली आहे. त्याआधी नागरिकांचं मत रीतसर मागवलं होतं: 'देखावा आवडला का?' तुम्हीही 'हो' दाबलंत. नाही कशाला म्हणता, छान दिसतेच ती. बरं, तुमच्या नळाला परवापासून पाणी नाही म्हणे? या की तक्रार नोंदवायला. पट्टीचा खालचा कोपरा अजून जरा फिकाच वाटतो.