प्रमाण तळहात

उष्णता नष्ट करता येत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हातात देता येते. हा निसर्गाचा नियम आहे आणि आमच्या कंपनीचं धोरणही. आम्ही हातात धरून खेळायची यंत्रं बनवतो. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, आणि आत नखाएवढी एक चिप. ही चिप गाड्या पळवते, राक्षस मारते आणि हे सगळं करताना भयंकर तापते. म्हणून इतर कंपन्या यंत्रात पंखा बसवतात. पंख्याला जागा लागते, तो घरघरतो, त्यात धूळ जाते. आमच्या थंडावा विभागाने (मी त्याचा उपप्रमुख, प्रमुखपद रिकामं आहे, कारण त्या खोलीत फार उकडतं) या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. तेव्हा लक्षात आलं की यंत्राच्या दोन्ही बाजूंना एक उत्तम थंडावा-व्यवस्था आधीच चिकटलेली असते. तिच्यात द्रव खेळता असतो, पंप तिचा स्वतःचा असतो, बिघडली तर ती आपोआप बरी होते आणि तिचा सगळा खर्च ग्राहक करतो. तिला ग्राहकाचे हात म्हणतात. तेव्हापासून आम्ही पंखा लहान करत गेलो आणि यंत्र पातळ.

आता यंत्र किती तापलं, हे ठरवायचं कसं? सुरुवातीला त्यासाठी तापमापक होता. पण तापमापक आकडा सांगतो, आणि आकडा आला की भांडण आलंच. विक्री विभाग म्हणायचा आकडा कमी करा, आम्ही म्हणायचो मग यंत्र जाड करा, आणि तोवर सगळ्यांचं जेवण गार व्हायचं (त्या काळात आमच्या इमारतीत गार होणारी ती एकमेव गोष्ट होती). शेवटी मोठ्या साहेबांनी निकाल दिला की यंत्र माणूस धरणार, तर मोजायचंही माणसानेच. त्यानुसार सर्व कर्मचाऱ्यांचे तळहात तपासण्यात आले आणि पॅकिंगमधल्या एका गृहस्थांची निवड झाली. त्यांचे तळहात इतके मऊ होते की खोक्याची कड घासली तरी ते दिवसभर हाताकडे बघत बसत. त्यांना 'प्रमाण तळहात' हे पद, पदाला साजेशी हाताची खुर्ची आणि खिडकीजवळची खोली देण्यात आली. कागदावर पद काही असो, सगळे त्यांना हातकाका म्हणू लागले.

काम सोपं होतं. नवं यंत्र घ्यायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळायचं आणि शेरा द्यायचा. मान्यताप्राप्त शेरे चार: 'गार', 'कोमट', 'चालेल' आणि 'आई गं'. चौथा शेरा आला की यंत्र दुरुस्तीला परत. पहिल्या वर्षी शंभरातली एकाहत्तर यंत्रं 'आई गं' निघाली आणि खाली गाड्या लावायला येणाऱ्या लोकांना आम्ही वर कोणाला तरी बडवतो असं वाटू लागलं. पाचव्या वर्षी हे प्रमाण चारवर आलं (त्यातली एक ओरड खुर्चीत बोट चेमटल्याची होती, असं चौकशीत निष्पन्न झालं). आठव्या वर्षापासून शंभरच्या शंभर यंत्रं 'गार'. ही प्रगती थक्क करणारी आहे. कारण याच काळात चिप चौपट वेगवान झाली, यंत्राची जाडी निम्म्यावर आली, पंखा काढूनच टाकला आणि हवा बाहेर पडायच्या भोकांवर कंपनीचं नाव चिकटवलं. हे तुम्ही कसं साधलंत, असं मला परिषदांमध्ये विचारतात. मी नम्रपणे हसतो, कारण मलाही ते माहीत नाही.

हातकाकांची कीर्ती हळूहळू विभागाबाहेर पसरली. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ते फडक्याशिवाय उचलायचे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत दोन जिने चढून यायचे. कँटीनवाला भट्टीतले ट्रे बाहेर काढायला त्यांना आवर्जून बोलवायचा (विभागाबाहेरील सेवा, मोबदला एक चहा, तोही उकळता). आम्ही कौतुकाने बघायचो. यात कोणाला काही शंका आली नाही, आणि आली असेल तर ती योग्य मार्गाने वर आली नाही.

शंका आणली ती नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअर बाईंनी. त्यांनी येताना घरून तापमापक आणला होता. हातकाकांनी नुकत्याच 'गार' ठरवलेल्या यंत्राच्या पाठीला त्यांनी तो लावला, तर आकडा आला एकावन्न अंश. तातडीची बैठक झाली. तापमापक आणि तळहात यांच्यात मतभेद असून दोघेही आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत, हे सर्वांनी मान्य केलं. मग सेवाज्येष्ठता पाहण्यात आली. तळहाताची सेवा नऊ वर्षांची, तापमापकाची एका सकाळची. निर्णय एकमताने झाला. तापमापक दुकानात तपासायला पाठवला, दुकानदाराने तो ठणठणीत असल्याचं कळवलं, त्यामुळे दुकानदारावरचाही आमचा विश्वास उडाला. बाईंना समज देऊन बटणांच्या रंगाचं काम देण्यात आलं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एका सकाळी हातकाका माझ्या खोलीत आले आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, मला माझा हात परत पाहिजे."

"कोणता?" मी विचारलं. (नोंदीसाठी हे आवश्यक असतं.)

"दोन्ही."

मग हकीगत कळली. त्यांची लेक दोन महिन्यांची तान्ही मुलगी घेऊन घरी राहायला आली होती. आदल्या दिवशी बाळाच्या अंघोळीची तयारी चालली होती. "लेक म्हणाली, बाबा, पाणी बघा हो जरा. मी हात घातला, म्हटलं, कोमट आहे, घे. तिने आपलं सहज बोट बुडवलं आणि किंचाळलीच. बाळ तिच्या कडेवर होतं, साहेब. पाण्यात घातलं नव्हतं अजून. आता ती म्हणते, बाबा, तुम्ही हिला अंघोळ घालायची नाही. आणि पाणी बघायचंच असेल तर कोपर बुडवून बघा. कोपर! अहो, ती लहान असताना तिच्या कपाळाला हात लावून मी ताप सांगायचो. आता माझ्या कोपराला मान आहे, हाताला नाही. आणि नातीच्या गालाला हात लावला तर मला काही लागतच नाही हो. भिंतीला लावल्यासारखं वाटतं."

मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून मी लगेच टिपण लिहायला घेतलं.

अडचण अशी होती की हातांना रजा देण्याची तरतूद नाही. हात रजेवर गेले तरी उरलेल्या माणसाला वेळेवर हजर राहावं लागलं असतं. वैद्यकीय रजेसाठी आजार लागतो, आणि हातकाकांचे हात तर कंपनीतले सर्वांत सोशिक. तीन खात्यांनी या प्रकरणातून अंग काढून घेतल्यावर भांडारप्रमुखांनी मार्ग काढला. 'मोजमापाची साधने, नग दोन (डावा व उजवा), दुरुस्तीसाठी बाहेर. सोबत एक कर्मचारी.' याला तासाभरात मंजुरी मिळाली.

दुरुस्ती तीन महिने चालली. काकूंनी त्यांच्या हातांना ग्लिसरीन चोळलं, सुती मोजे चढवले आणि स्वयंपाकघराकडे फिरकायची बंदी केली. लेक रोज तीन वाट्यांत तीन तऱ्हेचं पाणी ठेवायची आणि हातकाकांनी डोळे मिटून कोणतं कसं ते सांगायचं. पहिले काही आठवडे ते तिन्हींना गार म्हणत राहिले.

"अहो, जरा मन लावून करा," काकू म्हणायच्या. "नातीसमोर नापास होताय."

मग एके दिवशी सकाळी त्यांनी सवयीने चहाचा पेला उचलला, "आई गं!" म्हणून ओरडले आणि चहा अंगावर सांडला. घरात आनंदीआनंद झाला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. लेकीने बाळाला त्यांच्या हातात दिलं आणि टबात पाणी सोडलं. हातकाकांनी पाण्यात हात घातला, नळ जरा इकडे, जरा तिकडे केला आणि पुन्हा हात घातला. त्या दिवशी अंघोळ इतकी लांबली की शेवटी बाळ कंटाळून झोपलं, असं काकूंकडून कळतं. नातीचे गाल मऊ असल्याचं हातकाकांनी मला फोन करून कळवलं. मी शेरा नोंदवून घेतला.

हातकाका कामावर परतले तेव्हा आमचं नवं यंत्र बाजारात जायला आठवडा उरला होता. हे यंत्र इतकं पातळ आहे की ते आडवं धरलं तर दिसत नाही (जाहिरातीत याचा उल्लेख आहे). हातकाका खुर्चीत बसले, खेळ सुरू केला, आणि मिनिटभरात 'आई गं' असा जुन्या दर्जाचा शेरा देऊन त्यांनी यंत्र फेकलं. मी ते हवेत झेललं (घरी मीही रोज आमच्याच यंत्रावर खेळतो). गार होतं.

"साहेब, टाका ते खाली! भाजेल!"

"कुठे भाजतंय?" मी यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

इंजिनिअर बाई बटणांचे नमुने घेऊन दारात उभ्या होत्या. त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "वास येतोय."

मी हातकाकांना समजावलं की घाबरायचं कारण नाही, नुसती सवय गेली आहे. दोन-तीन आठवडे नेटाने खेळलं की यंत्र पूर्वीसारखं गार होईल. तोवर शेरा मागच्याच वर्षीचा वापरू. पद, खुर्ची, खिडकी, सगळं तसंच राहील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको साहेब. संध्याकाळी मला नातीची अंघोळ आहे."

ते पॅकिंगला परत गेले. तिथे ते हातमोजे घालून काम करतात आणि खोक्याची कड लागली तर सर्वांना दाखवतात. चांगला माणूस गेला याचं आम्हाला फार दुःख झालं. पण त्याहून मोठी चिंता अशी की आठवड्यावर विक्री आली आणि प्रमाण तळहाताचं पद रिकामं. मोठे साहेब मात्र शांत होते. त्यांनी तक्रार विभागाकडून आकडे मागवले, ते पाहिले आणि म्हणाले, "एका तळहातावर कंपनी चालवायचे दिवस गेले. आता लाखो आहेत."

त्याप्रमाणे आपल्याला कळवण्यास आनंद होतो की 'प्रमाण तळहात' या पदावर आपली नेमणूक झाली आहे. अर्ज, मुलाखत किंवा खुर्चीची आवश्यकता नाही. निवडीचा निकष साधा होता. यंत्र हातात धरवत नाही, अशी तक्रार आपण खरेदीनंतरच्या पहिल्या महिन्यात तीनदा केली होती. आम्ही ती काळजीपूर्वक वाचली आणि कार्यवाही सुरू असल्याचं कळवलं. त्यानंतर आपल्याकडून एकही तक्रार आलेली नाही. यंत्रात आम्ही अजून काहीही बदललेलं नाही.