छत्तीस गुणांची टाकी

शांतता ही स्वभावाची नव्हे, निवडीची बाब आहे. योग्य घटक निवडले की भांडण उद्भवतच नाही; उद्भवलेच, तर निवडणारा सोडून कोणाचाही दोष असू शकतो. या सिद्धान्ताचे जनक रंगनाथ देवरे, म्हणजे घरादाराचे नाना, ओझरच्या कारखान्यातल्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. उभे आयुष्य धातूचे तुकडे पास-नापास करण्यात गेल्यामुळे माणसेही त्याच पट्टीने मोजता येतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

सन दोन हजार चारमध्ये इंदिरानगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक स्वयंपाकघर, एक ओटा आणि दोन सुना अशी मांडणी होती. थोरली सविता, धाकटी उज्वला. सुट्या सुट्या तपासल्या असता दोघी निर्दोष. एकत्र बसवल्या की आवाज येई. वरणाच्या फोडणीत आधी मोहरी की जिरे, या प्रश्नावरून (विज्ञानाचे यावर अद्याप एकमत नाही) संक्रांतीपासून दोघींचा अबोला होता. शेवटी थोरला मुलगा ललित म्हणाला, "नाना, गॅस वेगळे करू. चूल वेगळी म्हणजे मन वेगळं नसतं."

नाना हादरले. देवऱ्यांच्या घराण्यात चूल कधी वेगळी झाली नव्हती. (नानांचे सटाण्याचे सख्खे भाऊ कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, पण तो वाद बांधाचा होता, चुलीचा नव्हे.)

"दिवाळीपर्यंत थांबा," ते म्हणाले. "वेगवेगळे स्वभाव एकाच पाण्यात सुखानं नांदतात, हे मी सिद्ध करून दाखवतो. नाही जमलं तर करा तुमच्या मनासारखं."

हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आली. मासे सिक्लिड जातीचे घ्यायचे ठरले. ही जात देखणी, हुशार, संसारी, पोराबाळांना जपणारी आणि हद्दीत पाऊल टाकणाऱ्याला फाडून खाणारी असल्याने कुटुंबसंस्थेचे प्रतिनिधित्व करण्यास सर्वथैव पात्र होती. गप्पी माशांवर प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. गप्पी बापडे कुठेही नांदतात.

मुलांच्या लग्नात पत्रिका पाहायला नानांनी साफ नकार दिला होता. "गुण जुळवणं हा भंपकपणा आहे," हे त्यांनी भटजींना चहा पाजून सांगितले होते. माशांसाठी मात्र त्यांनी आकार, रंग, भूक, तोंडाची रुंदी, हद्दीची हाव आणि विणीच्या काळातला तापटपणा असे सहा निकष काढले. प्रत्येकाला सहा गुण. बेरीज छत्तीस आली, हा योगायोग. अठराच्या खाली जोडी बाद, हा दुसरा योगायोग. (पूर्ण जुळले तर छत्तीस गुण आणि हाडवैर असले तर छत्तीसचा आकडा, असे म्हणणारी भाषा नानांच्या तक्त्याहून जास्त संसार पाहिलेली आहे.)

मासेवाला हिरामण सगळ्या सिक्लिडांना 'चिकलेट' म्हणे आणि प्रत्येकाची एकच शिफारस करी : "स्वभावानं गरीब आहे, काका. कुणाच्या अध्यात ना मध्यात." (दोन्ही सुनांची स्थळे आणणाऱ्या मध्यस्थानेही हेच वाक्य वापरले होते.) एक धिप्पाड ऑस्कर, दोन नाजूक एंजल, पट्टेरी झेब्राची एक जोडी आणि एक लाल पॅरट अशी निवड झाली. पॅरटचे तोंड जन्मतःच पुरते मिटत नाही, त्यामुळे त्याला धड चावता येत नाही. त्याचे कोणाशीही चौतीस गुण जुळत. तळाशी शोभेसाठी नानांनी ओट्याच्या कडाप्प्याचा उरलेला तुकडा ठेवला.

नानांच्या पत्नी मालनबाई, माहेर सटाण्याकडचे, ऑस्करकडे बघून माहेरच्या अहिराणीत म्हणाल्या, "अहो, हाऊ मासा शे का वाघ शे?"

"एंजलशी एकतीस जुळतात," नाना म्हणाले.

आठवडाभरात ऑस्करने ते एकतीस गुण दोन घासांत आत्मसात केले. हिरामण म्हणाला, "गरीबच आहे हो तो. भूक लागली असंल." नानांना हे पटले, भूक ही परिस्थिती आहे, स्वभाव नव्हे. पुढे झेब्रांनी कडाप्प्यावर अंडी घातली आणि स्वतःच्या तिप्पट ऑस्करला हीटरमागे कोंडले.

सविता टाकीला म्हणाली, "बघा, मागून आलेल्यांना ओटा लगेच आपल्या बापाचा वाटतो."

उज्वलाही टाकीलाच म्हणाली, "मोठं असलं म्हणून लहानांना गिळायचं का, विचारा त्या ऑस्करला."

संक्रांतीनंतरचे दोघींचे हे पहिलेच संभाषण असल्याने नानांनी ते प्रयोगाचे यश मानले.

पॅरट दोन्ही हद्दींच्या मध्ये राही. भांडण कोणाचेही असो, शेपूट त्याचे कुरतडले जाई. एका सकाळी तो काहीतरी सांगायचे राहून गेल्यासारखा, तोंड उघडे ठेवून तरंगताना आढळला.

दिवाळी तोंडावर आली होती. हार पत्करण्याऐवजी नानांनी टाकीच्या मधोमध काच बसवली : अलीकडे ऑस्कर, पलीकडे झेब्रा. तत्काळ शांतता झाली. वसुबारसेला त्यांनी सगळ्यांना बोलावून अभिमानाने दाखवले. "टाकी एक. पाणी एक. हवेचा पंप एक. नांदतात की नाही?"

सगळ्यांनी मधली काच नीट पाहून घेतली. "पटलं, नाना," ललित म्हणाला. सविताने मान डोलावली. उज्वलानेही. वर्षभरातले हे पहिले एकमत पाहून नानांचे डोळे भरून आले.

भाऊबीज झाली आणि सुतार आला. ओट्याच्या मधोमध प्लायची भिंत उभी राहिली. नाना काही बोलणार, तोच ललित म्हणाला, "घर एक, पाणी एक, नाना. तुमचंच शास्त्र."

नाना आणि मालनबाई कोणत्या बाजूला, हे शास्त्रात नव्हते. म्हणून पाळी ठरली : एक महिना अलीकडे, एक महिना पलीकडे. भाजी अळणी असली तरी त्यांनी तक्रार करायची नाही, कारण ती दुसऱ्या बाजूला ऐकू जाते.

आता घरात आदर्श शांतता आहे. शेजारणी सासऱ्यांची चौकशी करतात, तेव्हा दोघी सुना आपापल्या बाजूने अगदी एकच उत्तर देतात : "स्वभावानं गरीब आहेत हो नाना. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

आपल्याविषयीही घरात असेच कौतुक होत असल्यास वाचकांनी सुखावण्यापूर्वी एकदा आरशासमोर उभे राहावे, आणि आपले तोंड पुरते मिटते का, ते तपासून घ्यावे.