बावीस वर्षांचं कार्पेट

दुपारी अडीच वाजता भिंगरी एकदाची झोपली. घर इतकं शांत झालं की पंख्याची कुरकुरही लाडिक वाटावी. तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर 'टक्' झालं. मामांनी किल्ली ठेवली होती. हळूच ठेवली होती, पण आयुष्यभर लोखंडाशी बोलत आलेल्या माणसाचं हळू ते. आतल्या खोलीतून लगेच "काय आणलं?" अशी चौकशी आली आणि तासाभराचं थोपटणं वाया गेलं.

किल्ली व्हॅनची होती. मामा म्हणजे भिंगरीच्या आईच्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्यांनी गॅरेज बंद केलं, आणि ज्या व्हॅनमधून बावीस वर्षं इंजिनं, गिअरबॉक्स आणि तेलाचे डबे वाहिले, ती भाच्याच्या बायकोला देऊन टाकली. तिला गाडी चालवायला शिकवलं तेही मामांनीच. भिंगरीच्या जन्मानंतर सुटलेली नोकरी तीन वर्षं झाली तरी परत मिळत नव्हती. मग तिनंच डोकं लढवलं. भिंगरी ज्या बालवाडीत जाते, तिथल्याच मुलांची ने-आण करायची. काम आणि लेक एकाच गाडीत. इतकी सोयीची नोकरी तिला दुसऱ्या कुणी दिली नसती.

अडचण एकच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सहा मुलांच्या आया गाडी बघायला येणार होत्या. त्यांतल्या एक दातांच्या डॉक्टर. त्यांनी आधीच्या तीन व्हॅन नापास केल्या होत्या, आणि त्यांची मान हलल्याशिवाय बाकीच्या पाचजणींची हलत नाही, ही बातमी बालवाडीच्या फाटकापाशी सगळ्यांनाच ठाऊक होती.

सगळे खाली गाडी बघायला गेले. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. ब्रेक चोख, काचा लख्ख. फक्त आत पाऊल टाकलं की पाऊल परत येत नव्हतं. खालचं कार्पेट काळंकुळकुळीत, चकचकीत आणि चिकट होतं. भिंगरी आत चढली आणि एक चप्पल मागे सोडून पुढे गेली.

"मामा, ही घाण केवढी," ती लेकीची चप्पल सोडवत म्हणाली.

"घाण नाही पोरी ती, अनुभव आहे," मामा म्हणाले.

तिनं भांडी घासायचा साबण आणला आणि चालकाच्या सीटमागे हाताच्या पंजाएवढी जागा घासली. काळ्यातून करडा आला, करड्यातून राखाडी, आणि मग अगदी खालून, लाजत लाजत, निळा.

मामा वाकून बघत राहिले. "निळं होतं होय हे? मी घेतलं तेव्हापासून काळंच समजत होतो."

इथवर सगळं ठीक होतं. पण तो निळा पंजा उमटला आणि बाकीचं कार्पेट आगीतून काढल्यासारखं दिसायला लागलं. आता थांबायची सोय राहिली नाही. एक तर सगळं निळं करायचं, नाहीतर तो पंजा पुन्हा काळा करायचा. मामांनी दुसरा मार्ग सुचवला. तेल त्यांच्याकडे होतंच.

नवऱ्यानं मोबाइलवर वाचून काढलं की तेलकट डागावर मक्याचं पीठ पसरून तासभर स्वस्थ बसायचं, पीठ सगळं तेल ओढून घेतं. घरात होतं नव्हतं तेवढं पीठ त्यानं कार्पेटवर पसरलं आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून तो वर गेला. ती भिंगरीला दूध द्यायला गेली. गाडीपाशी एकटे मामा उरले. पांढरं काहीतरी सांडलेलं त्यांना दिसलं. भाच्यानं साबणाची पावडर टाकलेली दिसते, आपणही हातभार लावावा, असं त्यांच्या मनात आलं. ग्रीसला कढत पाण्यासारखं औषध नाही, हा त्यांचा उभ्या जन्माचा अनुभव. त्यांनी सासूबाईंकडून बादलीभर उकळतं पाणी मागून घेतलं, आत ओतलं आणि खराट्यानं छान घोटलं.

पीठ, उकळतं पाणी आणि घोटणं. खळ याहून वेगळ्या रीतीनं कुणी करत नाही.

ती खाली आली तेव्हा कार्पेट हळूहळू घट्ट होत होतं. सासूबाईंनी वाकून बोटानं टकटक करून पाहिलं. "आता इस्त्री तेवढी फिरवा," त्या म्हणाल्या, "लग्नाला नेता येईल."

नवरा आणि मामा एकमेकांकडे बघत राहिले. पीठ टाकल्याचं मामांना सांगायला हवं होतं हे नवऱ्याला पटलं नाही, आणि पाणी टाकण्याआधी विचारायला हवं होतं हे मामांना. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की घरात सगळे पटापट कामाला लागतात, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

कार्पेट बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी सीटा काढायला लागल्या. सीटा काढायच्या म्हटल्यावर मामांचे गुडघे संप मोडून कामावर हजर झाले. शेवटचा बोल्ट सुटल्यावर सगळ्यांनी मिळून कार्पेट उचललं, तेव्हा त्याखालून एक पाना ठण्णकन पडला. दहाचा.

सासूबाईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि भावापुढे धरला. "अकरा वर्षं मला चोर म्हणत होतास ना? मिक्सर दुरुस्त करायला हा पाना नेला आणि हरवला म्हणून?"

"ताई, मी चोर नव्हतो म्हणत," मामा म्हणाले. "विसरभोळी म्हणत होतो."

"माझ्या सुनेच्या देखत म्हणत होतास."

पुढचा तासभर मामा कमालीचे आज्ञाधारक होते.

कार्पेट न्हाणीघरात नेलं. ते दारातून आत जाईना, मग गेलं तर तिथे माणसाला जागा उरेना. भिंगरी मात्र मावली. तिला त्यावर नाचायला सांगण्यात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण नाचतोय आणि कुणी 'पुरे' म्हणत नाही हे पाहून ती बेभान झाली. पहिल्या बादलीचं पाणी काजळासारखं निघालं, पाचवीचं कोऱ्या चहासारखं. अकराव्या बादलीला कार्पेट आकाशासारखं निळं झालं आणि पिठानं मोरी तुंबली. मोरी नवऱ्याच्या वाट्याला आली.

इकडे तिनं रॉकेलचा बोळा घेऊन गाडीच्या तळाचा उघडा पत्रा पुसायला घेतला. त्यावर तेलाचा बोटभर चिकट थर होता. अंधार पडायच्या आत तिनं तो कानाकोपऱ्यातून खरवडून काढला. भिंगरी शेजारी बसून दातांच्या जुन्या ब्रशानं मदत करत होती. मदत म्हणजे, पुसलेलं पुन्हा माखत होती.

सकाळी उठल्याबरोबर ती गच्चीवर गेली. कार्पेट वाळलं नव्हतं. नुसतं ओलं असतं तरी चाललं असतं, पण त्याला पावसात भिजलेल्या म्हशीचा वास येत होता. नवऱ्यानं केस वाळवायचं यंत्र लावलं. अर्ध्या तासात वहीच्या पानाएवढी जागा वाळली. उरलेल्या जागेला किती तास लागतील याचा हिशेब तो करत होता, तेवढ्यात फ्यूज गेला.

साडेनऊला तिनं निर्णय घेतला. मामांनी सीटा उघड्या पत्र्यावरच बसवल्या. ती कपडे बदलायला आत गेली आणि दोन मिनिटं कपाटाच्या दाराला टेकून उभी राहिली. तीन वर्षांनी कुणीतरी तिला कामासाठी पारखायला येणार होतं आणि तिच्या गाडीला खाली अंथरूणसुद्धा नव्हतं.

बरोबर दहाला आया आल्या. डॉक्टरीणबाईंनी नमस्कार केला, पर्समधून बारकी बॅटरी काढली आणि सरळ गाडीत शिरल्या. गाडीनं आ वासला आहे आणि त्या दाढा तपासताहेत, असंच बाहेरून दिसत होतं. त्यांनी सीटांखाली उजेड टाकला, कोपऱ्यात टाकला, पत्र्यावरून बोट फिरवून बोट नाकाशी नेलं. बाहेर पाचजणी श्वास रोखून उभ्या. मामा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात मागे बांधून.

"खाली कार्पेट नाही?" आतून प्रश्न आला.

खोटं बोलायचं तिनं मनात घोळवून पाहिलं होतं. जमलं नाही. "आहे," ती म्हणाली. "काल धुतलं. अजून ओलं आहे. गच्चीवर वाळत घातलंय."

"तिथेच राहू द्या," डॉक्टरीणबाई बाहेर येत म्हणाल्या. "तीन गाड्या बघितल्या मी. वरून कार्पेट झकपक, खाली मुलांनी सांडलेलं दूध कुजलेलं. हे कसं, सांडलं की पुसलं. पण मला एक सांगा, गाडी एवढी जुनी आणि पत्र्याला कुठे गंजाचा ठिपका नाही. एक कीड नाही लागलेली. हे कसं ठेवलंत?"

मामा पुढे झाले.

"बावीस वर्षं," ते गंभीरपणे म्हणाले, "वरून खालपर्यंत तेल मुरवलंय. लोखंडाला तेल असलं की गंज जवळ येत नाही. एक दिवस हयगय केली नाही मी."

सासूबाईंना ठसका लागला. पण मामांचं म्हणणं कुणालाही खोडता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मग पाचजणींनी हलवली. सोमवारपासून सहा मुलं, आठ वाजता.

त्या गेल्यावर ती गाडीच्या पायरीवर बसली. हसावं की रडावं हे ठरेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं झालं. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून मोरीचा वास होता, आणि तिला तो चालला. मामांनी घसा खाकरला आणि म्हटलं, तसा मी कधी बढाया मारत नाही.

भिंगरी मघापासून पत्र्याकडे टक लावून बघत होती. ती येऊन आईच्या मांडीवर बसली.

"आई, मामाआजोबांचं तेल चांगलं होतं?"

"हो गं, चांगलंच होतं म्हणायचं."

मामांना एकदम बॉनेट उघडून काहीतरी बघायचं आठवलं. सासूबाई वर दूध बघायला गेल्या, आणि नवरा त्यांच्या मागोमाग फ्यूज बघायला.

"मग आपण काल घासून घासून काढलं," भिंगरीनं विचारलं, "ते काय होतं?"