स्कॉटलंडच्या बाजारपेठेत इस्माईलचाचा

इस्माईलचाचांवर अन्याय झाला आहे. गेल्या शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता, कुवेतमधल्या आमच्या मेसच्या हॉलमध्ये, मसुराची आमटी वाढत असताना. सेक्रेटरी पाटलांनी डाव खाली ठेवला आणि ठराव मांडला : चाचांनी जेवताना स्कॉटलंडच्या दुकानांविषयी बोलू नये, आणि मंगळवारचा फोन हॉलमधून लावू नये. अकरा हात वर झाले.

अकरावा माझा होता. अन्याय करणाऱ्यांची यादी छापायची तर स्वतःला वगळून कसं चालेल?

चाचा रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले ड्रायव्हर. स्कॉटलंड त्यांनी नकाशातही धड पाहिलेलं नाही. पण तिथल्या एका लहानशा गावाची जुनी बाजारपेठ त्यांना तोंडपाठ आहे. त्याचं असं झालं, की पूर्वी ते डंकन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरला रोज मीना अब्दुल्ला इथल्या तेलाच्या रिफायनरीत सोडायचे. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे वाळू. बघायला काही नाही, म्हणून साहेब लहानपणच्या गल्लीतली दुकानं सांगायचा. चाचांनी ती सगळी मनात साठवली. आता आम्हाला ती भाताबरोबर मिळतात.

"पहिला बेकरीवाला. त्याची मटणाची करंजी एकदम फर्स्ट क्लास!"

"तुम्ही खाल्लीत, चाचा?"

"मी कशी खाणार? हलाल थोडीच आहे ती? वास घ्यायचा नि पुढे."

पुढे खाटीक. तिथेही चाचा आत जात नाहीत. ज्या गावात पाय ठेवलेला नाही, त्या गावातसुद्धा नाही! "साहेब आत जाऊन येतो, मी फुटपाथवर थांबतो." मग खिळ्यामोळ्यांचं दुकान. "तिथला म्हातारा एक खिळा मागितलास तरी कागदात बांधून देतो. नाहीतर हा आमचा पाटील. पापड वाढतो तोसुद्धा भिरकावून!"

एकदा पाटलांनी डिवचलं, "काय चाचा, स्कॉटलंडचा व्हिसा कधी लागला?"

"तुझा कुवेतचा लागून नऊ वर्षं झाली ना रे? मग सांग, आपल्या बिल्डिंगखाली लाँड्रीच्या पलीकडे कोण बसतो?"

पाटलांना सांगता येईना.

"चपला शिवणारा बसतो. सलाम कर कधीतरी."

ठराव तेव्हाच शिजला असणार.

मंगळवारी संध्याकाळी सातला चाचा हॉलच्या खिडकीशी उभे राहून मायदेशी परतलेल्या डंकनला फोन लावायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये रेंज तेवढीच. पंधरा मिनिटं मोठमोठ्याने नुसती दुकानं. आम्हाला वाटायचं, दोन म्हातारे टाइमपास करतायत.

या मंगळवारी मी कामावरून येत होतो. लिफ्ट बंद. ठराव पाळून चाचा जिन्यात बसले होते. भट्टीसारखा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला. फोन स्पीकरवर. पलीकडे डंकनची मुलगी सांगत होती, की बाबा आता मलाही ओळखत नाहीत, ओळखतात ती फक्त दुकानं. तेव्हा मला उलगडलं : चाचा त्यांना दर मंगळवारी दुकानादुकानाने गल्लीच्या टोकाला, त्यांच्या आईच्या घरी पोचवतात. तिथे पोचले, की त्या दिवशी तरी ते पोटभर जेवतात.

"नाऊ लेफ्ट साइड, बूट शॉप," चाचा म्हणाले, आणि रेंज गेली.

"या अल्ला! म्हातारा रस्त्यात एकटा!" चाचा गुडघे धरून एक मजला वर पळाले. फोन लागला. पुन्हा तुटला. आणखी एक मजला. मी मागे.

तिसऱ्यांदा लागला तेव्हा डंकन रडत होता. गल्लीत पुढे दारूचा गुत्ता होता. तिथे चाचा दर वेळी साहेबाला घेऊन रस्ता ओलांडतात. आज साहेब हलेना. लहान पोरासारखा म्हणाला, "बाबा आत बसलाय. आईने सांगितलंय, त्याला घेऊनच ये."

चाचांनी कपाळ पुसलं. माझ्याकडे पाहिलं. "वेट, डंकन. आय गो इनसाइड."

त्यांनी फोन छातीशी धरला. मग जिना दणाणेल अशी हाक मारली, "मिस्टर! युवर सन आउटसाइड! कम होम! डिनर रेडी!" आणि हळूच फोनमध्ये, "ही इज कमिंग, डंकन. टेकिंग कोट."

तिघे घरी पोचले. पलीकडे चमच्याचा आवाज आला.

चाचांनी फोन बंद केला, कानांच्या पाळ्या धरल्या. "पोरा, गुत्त्यात गेलो रे मी. पण बसलो नाही, उभ्या उभ्या बाहेर आलो. चालेल ना?"

मी खोलीत गेलो आणि कागद घेऊन हे लिहायला बसलो.

म्हणून ही मागणी, विनंती नव्हे. ठराव आजच्या आज मागे घ्या. येत्या मंगळवारी सातला हॉलमधला टीव्ही बंद करा, खिडकीशी चाचांना खुर्ची द्या, आणि डंकन घरी पोचेपर्यंत एकानेही तोंड उघडू नका.